हौवालं गाणं

बाजारात जाताना मी चिठ्ठी नेते. चिठ्ठी दुकानांच्या क्रमानं लिहिते, म्हणजे मागे फिरावं लागत नाही. गेल्या मंगळवारी तिच्यात जिरं, ट्यूबलाइटचा स्टार्टर, रक्तदाबाच्या गोळ्या आणि वाती एवढंच होतं. घरी येऊन पिशवी रिकामी केली तर गोळ्या नव्हत्या. औषधाच्या दुकानात मी गेले होते, काउंटरपाशी उभी राहिले होते आणि काही न घेता पायऱ्या उतरून आले होते. असं माझं होत नाही.

दुकानातल्या टीव्हीवर मिक्सरची जाहिरात लागली होती. एक बाई हसत हसत चटणी वाटत होती आणि मागे ते गाणं वाजत होतं.

ते गाणं तुम्हीही ऐकलेलं आहे. नाव कुणाला ठाऊक नसतं, पण सुरुवातीचे दोन ठोके पडले की पाय हलतो. क्रिकेटची ओव्हर संपली की ते लागतं. लग्नाच्या संगीतात लागतं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये लागतं. गॅसवाल्यांना फोन लावला आणि त्यांनी थांबायला सांगितलं की कानात तेच. माझ्या मुलीच्या मोबाइलमध्ये एक मांजर त्यावर मान हलवतं. अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी नाचण्यासाठी केलेलं हे संगीत. त्याला फंक म्हणतात, हे मला पन्नाशीत कळलं. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात त्याला 'हौवालं गाणं' म्हणायचे. आणि बालाघाटात ते आमच्या दादानं आणलं.

आधी 'हौ'चं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच शब्दाचं आहे.

आमचे बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. मूळचे रामपायलीचे. आजी तिथेच भाताच्या बांधावर शेवटपर्यंत राहिली आणि तिची बोली बाबांच्याही तोंडात होती. पुढे शिकायला ते नागपूरला गेले. पहिल्या दिवशी हजेरीला त्यांनी "हौ" म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. तो हशा बाबांच्या मनातून कधी गेला नाही. नोकरी बालाघाटात, कचेरीत हिंदी, बाजारात हिंदी, आमची शाळा हिंदी. म्हणून घरातलं मराठी तरी शुद्ध असावं, असा त्यांचा हट्ट. आमच्या घरात 'हौ' बंद होता.

"जेवलीस का?"

"हौ."

"हौ नाही. हो."

"हो, बाबा."

हे रोज. 'हो' म्हणताना ते ओठ गोल करून दाखवायचे, जसं लहान मुलाला फुंकर मारायला शिकवतात. आईला मात्र ते काही म्हणत नसत. एकदा म्हणाले होते, तेव्हा आईनं पोळी उलटता उलटता सांगितलं होतं, "मी हौ म्हनलं म्हनून तं तुमचं लगन झालं. हो म्हनाची वाट पाह्यली असती तं अजून बसले असते रामपायलीले." त्यानंतर आईला सूट मिळाली.

दादा माझ्याहून मोठा. तो मलाजखंडला तांब्याच्या खाणीत इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप करत होता. शनिवारी दुपारी बैहरच्या घाटातून उतरणाऱ्या बसनं यायचा, अंगाला डिझेलचा वास आणि खांद्याला झोळी. तिथल्या कॉलनीत परदेशात ट्रेनिंग घेऊन आलेले एक इंजिनियर होते. त्यांच्याकडे कॅसेटी होत्या आणि कॉलनीच्या क्लबात कुणीतरी सोडून गेलेलं एक बेस गिटार होतं, चार जाड तारांचं. त्याला कुणी हात लावत नव्हतं. दादानं लावला. ड्यूटी संपली की तो क्लबात जाऊन बसायचा आणि बोटांना फोड येईपर्यंत वाजवायचा. हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं. बाबांना बोटांचे फोड दिसायचे. ते समजायचे, वायरिंगच्या कामाचे.

एका शनिवारी त्यानं झोळीतून कॅसेट काढली. मी तेव्हा अकरावीत होते. टू-इन-वनवर त्यानं ती लावली आणि मला समोर बसवलं.

"फक्त ऐक. बोलू नको."

मी तोवर तसं काही ऐकलं नव्हतं. एक गिटार शिंप्याच्या मशीनसारखं चिक्-चिक् चालत होतं. पिपाण्या मध्येच येऊन एक फुंकर मारून गप्प होत होत्या, वरातीत चौकापाशी बँडवाला मारतो तशी. खाली जाड तारांचा आवाज, छातीत लागणारा. आणि गायक गातच नव्हता. तो बोलत होता, ओरडत होता आणि मधून मधून, पोटातून, म्हणत होता...

दादानं बटण दाबलं, टेप मागे घेतली, पुन्हा लावली.

"हौ!"

मी दादाकडे पाहिलं. दादा तोंड दाबून हसत होता.

"ऐकलं का, छोटे? हा मानूस अमेरिकेचा नाही. हा आपल्या वारासिवनीचा होय."

बाबा बाहेर पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, "काय चाललंय? घसा खाकरतोय का तो?"

"नाही बाबा," दादा म्हणाला, "तो हौ म्हनून राह्यला."

बाबांनी पेपरचं पान उलटलं. "हो म्हणायला सांगा त्याला."

आई स्वयंपाकघरात इतकी हसली की तिला ठसका लागला. बाबा हसले नाहीत. पण गाणं बंद करा, असंही म्हणाले नाहीत. ते दर गुरुवारी भजनाला जायचे आणि टाळ धरायचे. तालाला पक्के. गाणं संपल्यावर पेपरामागून आवाज आला, "सम सोडत नाही मात्र."

दादाचा चेहरा मला अजून दिसतो. तो रात्रभर मला तेच सांगत बसला असता. "बाबाले बरोबर समजलं. पहिल्या ठोक्यावर सगळे एका जागी येतात, मंग आपापल्या कामाले जातात, आन पुन्हा पहिल्या ठोक्यावर हजर. समच ती. आन त्याचा हौ ऐक. एकच शब्द, पन दरवेळी वेगळा. हा ढोलवाल्याले बोलावते, हा सांगते बस झालं, हा नुसता आनंदाचा." मग आम्ही दोघं टेप मागेपुढे करून हौ ऐकत बसायचो आणि तो कोणता, हे ओळखायचो. आमचा तो खेळच झाला. कॅसेटची ती जागा घासून पातळ झाली.

त्या वर्षी गणपतीत आमच्या चौकातल्या मंडळानं नागपूरहून ऑर्केस्ट्रा बोलावला. त्यांचा बेसवाला आजारी पडला होता. मंडळात दादाचा एक मित्र होता, त्यानं दादाचं नाव सांगितलं. दादा दुपारी त्यांच्यासोबत बसला आणि संध्याकाळी स्टेजवर उभा राहिला, मागे, स्पीकरच्या बाजूला, बाबांचा पांढरा सदरा घालून. आधी सगळी हिंदी गाणी झाली. मग निवेदक म्हणाला, "अब पेश है एक अंग्रेज़ी आयटम," आणि लोक चहा प्यायला उठायला लागले.

मग दादाचे दोन ठोके पडले. उठलेले लोक तिथेच उभे राहिले. गायकाला इंग्रजी येत नव्हतं, तो मनाला येईल ते म्हणत होता, पण योग्य जागी त्यानं पोटातून "हौ!" काढला आणि समोरच्या सतरंजीवरची सगळी पोरं ओरडली, "हौ!" त्यानं पुन्हा म्हटलं. आता बायकाही. तिसऱ्या वेळी तर पानठेल्यापासून देवळापर्यंत सगळं बालाघाट त्या अमेरिकनाला हौ म्हणत होतं. ज्यांना शाळेत, कचेरीत, सासरी त्या शब्दावरून कुणी ना कुणी हसलेलं होतं, ती सगळी माणसं मोकळ्या गळ्यानं ओरडत होती. आई माझ्या शेजारी होती. तिनं पदर खोचला आणि तीही ओरडली.

बाबा आरतीला आले होते आणि आरतीनंतर घरी गेले, असं आम्हाला वाटत होतं. मागे वळून पाहिलं तर ते पानठेल्याशी उभे होते, हातात मिटलेली छत्री. त्या छत्रीचं टोक जमिनीवर पडत होतं. समेवर.

सकाळी चहाला दादा खाली मान घालून बसला होता. बाबांनी कप ठेवला.

"सदरा धुवायला टाक," ते म्हणाले. आणि उठताना, "सम सोडली नाहीस."

ऑर्केस्ट्राच्या मॅनेजरला दादा हवाच होता. दिवाळीनंतर त्यांचा मोठा दौरा निघणार होता, बिहारपासून गुजरातपर्यंत. त्यानं दादाला सांगितलं, नोकरी सोड आणि ये. जाताना गोंदियाहून छोट्या लाईनच्या गाडीनं येतो, तेव्हा जवाब दे. अप्रेंटिसशिप संपत आली होती, खाणीत कायम होण्याची दादाला खात्री होती. ते सगळं सोडून जायचं, तर बाबांच्या परवानगीशिवाय नाही, हे त्यानं मनाशी ठरवून टाकलं. पळून जाणाऱ्यातला तो नव्हता.

"ह्यायले तूच विचार," आई म्हणाली. "मी मधात नाही पडत. पन विचार. छत्री पाह्यली न मी."

दादा प्रत्येक शनिवारी विचारणार होता. एका शनिवारी बाबांचं डोकं दुखत होतं, एका शनिवारी पाहुणे होते, एका शनिवारी दादाचीच हिंमत झाली नाही. दिवाळीला थोडेच दिवस राहिले होते. बाबा सकाळी दाढी करत होते. आरसा पडल्याचा आवाज आला आणि आम्ही धावत गेलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, अर्ध्या गालावर साबण तसाच.

पक्षाघात. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी आईला समजावलं की त्यांना बरंचसं कळतं आहे, पण शब्द तोंडाशी येणार नाहीत. कधी कधी एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि माणूस सगळ्याला तोच म्हणतो. कोणता राहील, ते सांगता येत नाही.

घरी आल्यावर आईनं त्यांना उशाला टेकवून बसवलं आणि विचारलं, "पानी देऊ का?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. जबडा हलला. आणि ते म्हणाले, "हौ."

आम्हा तिघांपैकी कुणी कुणाकडे पाहिलं नाही. आई पाणी घेऊन आली, चमच्यानं पाजलं, तोंड पुसलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसली. "सासूबाईची बोली आली परत," ती म्हणाली, आणि पदरात तोंड घालून रडली.

त्यानंतर सगळ्याला हौ. भूक लागली का, हौ. दुखतं का, हौ. पंखा लावू का, हौ; बंद करू का, हौ. भेटायला येणारे खूश होऊन जायचे. एक म्हातारे मामा यायचे, "जावईबापू, ओळखलं का मले?" "हौ." मामा सगळ्यांना सांगत सुटायचे, मेंदू एकदम शाबूत आहे. दूधवाल्यानं खिडकीतून विचारलं, "बाबूजी, कल से दूध बढ़ा दूँ?" आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट दूध. आई बाहेर जाऊन त्याच्यावर कडाडली, "उनको पूछके कोई कुछ नहीं करेगा! हाँ के सिवा दूसरा आता नहीं उनको! मेरेको पूछने का!" दूधवाला कान धरून गेला. त्या दुधाची आईनं खीर केली. बाबांना विचारलं, आवडली का? हौ.

मी आणि दादा मात्र ते वेगवेगळे हौ ओळखायला लागलो होतो. त्या कॅसेटनं आमचे कान तयार केले होते. आखूड हौ पाण्याचा. लांबलेला, खाली जाणारा, म्हणजे कूस बदलायची आहे. दोनदा आलेला, म्हणजे आता तुम्ही सगळे बाहेर व्हा. मी त्याप्रमाणे कामं लावून घेतली; चूक कमी व्हायची. दादानं रजा काढली होती. तो त्यांना अंघोळ घालायचा, दाढी करायचा, आणि त्यांच्या उशाशी टू-इन-वन ठेवायचा, भजनं लावायला.

एकदा त्यानं चुकून दुसरी कॅसेट लावली, की मुद्दाम, ते मला माहीत नाही. तेच गाणं. ठोके पडले. गायकानं पोटातून "हौ!" म्हटलं.

"हौ," बाबा म्हणाले.

अगदी जागेवर. पुढचा आला, त्यालाही बाबांनी उत्तर दिलं. डावा हात चादरीवर पडत होता. आई दारात परात घेऊन उभी होती आणि तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. त्या दिवसापासून ते गाणं रोज दुपारी लागायचं. दिवसातली तेवढीच वेळ होती, जेव्हा बाबांना तो शब्द बरोबर पडायचा.

दिवाळी अशीच गेली. मग मॅनेजर येण्याचा दिवस आला. गाडी दुपारची होती. ती स्टेशनवर थोडा वेळ थांबायची आणि पुढे जायची.

जेवणं झाल्यावर दादानं हातपाय धुतले, सदरा बदलला आणि बाबांच्या खाटेशी गुडघ्यावर बसला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मागे रॉकेलचा स्टोव्ह भरात पेटलेला होता, आई पाणी तापवत होती. त्याच्या घरघरीत शब्द ऐकू येत नव्हते. पण दादा काय विचारतो आहे ते आम्हा दोघींना माहीत होतं. नोकरी सोडू का. जाऊ का.

बाबा त्याच्याकडे खूप वेळ पाहत राहिले. मग त्यांचं तोंड वाकडं व्हायला लागलं. मला वाटलं, कळ आली. दादानं कान त्यांच्या तोंडाशी नेला. बाबांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. काहीतरी बोलले. दादा तसाच राहिला. मग त्यानं खिशातला रुमाल काढला, त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली आणि उठून आमच्याकडे आला.

आईनं स्टोव्हची हवा काढली. घर एकदम शांत झालं.

"काय म्हनले?"

"काय म्हनतीन? हौ म्हनले."

"कोणता?" मी विचारलं.

"नेहमीचाच."

आई म्हणाली, "मंग उलटं विचारून पाह्य. 'मी नको जाऊ का' म्हन. तेव्हा हौ म्हनले नाही, तं समजू आपन."

"नाही, आई. त्यायची परीक्षा काय घ्याची."

"अरे पन हौ तं म्हनले न!"

दादा चपला घालत होता. खाली पाहूनच तो म्हणाला, "ज्याले नाही म्हनता येत नाही, त्याचा हौ मी कसा घेऊ?"

आईनं दूधवाल्याला जे सांगितलं होतं, तेच तो आईला सांगत होता.

मी त्याच्यासोबत स्टेशनवर गेले, परतताना बाबांचं औषध आणायचं होतं. मॅनेजर डब्याच्या दारात उभा होता, मागे पेट्या, ढोल, वायरी.

"सामान कहाँ है?" त्यानं विचारलं.

"नहीं आ रहा, भाई साहब."

"पिताजी ने मना किया?"

"नहीं. हाँ बोले."

मॅनेजरला काही कळेना. तो दादाकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिला. "अरे, हाँ बोले तो बैठ ना यार!"

दादा हसला आणि त्याचा हात हातात घेऊन हलवला. छोट्या लाईनची गाडी हळूच निघते. माणूस मनात आणलं तर बराच वेळ तिच्यासोबत चालू शकतो. दादा प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत गेला. मी मागे थांबले. मग तो परत आला आणि म्हणाला, "चल, दुकान बंद होईन."

बाबा त्यानंतर दोन उन्हाळे होते. दादा खाणीत कायम झाला. शनिवारी यायचा आणि रविवारी दुपारी त्यांच्यासाठी गाणं लावायचा. ज्या गाण्यासाठी तो जाणार होता, तेच लावून तो खाटेशी बसायचा आणि बाबा समेवर हौ म्हणायचे. मला ते पाहवायचं नाही. मी त्या वेळात कपडे वाळत घालायचे.

बाबा गेले त्या दिवशी टू-इन-वन आईनं कपाटावर ठेवलं. दादानं ते पुन्हा काढलं नाही. क्लबातही गेला नाही. त्या वर्षी ऑर्केस्ट्रात एक नवी विजेची पेटी आली, तिच्यातच ढोल, तिच्यातच बेस. एक माणूस बसून सगळं वाजवायचा. बोलावणं आलंच असतं, तरी आता जागा उरली नव्हती.

गाणं मात्र राहिलं. गावातल्या बँडवाल्यांनी ते त्या गणपतीतच उचललं होतं, पुढे वरातीत नवरदेवाचे मित्र "हौवाला बजाओ!" म्हणून अडून बसायचे. तिरोडीकडच्या लग्नांतसुद्धा पोहोचलं. मग कॅसेटी गेल्या, बँड गेले, डीजे आले, आणि त्यांच्या मशीनमध्ये ते आधीपासूनच होतं. मूळ गाणं आहे तसं, वर कुणीतरी नवा ढोल चढवलेला. कुठून आलं, कुणाला विचारावंसंही वाटत नव्हतं. दादाच्या घरावरून वरात गेली की तो उठून खिडकी लावायचा. वहिनी म्हणायची, ह्यायले आवाजाचा तरास होते.

दादाच्या मुलीचं लग्न बालाघाटातच झालं. रिटायर व्हायला आला होता तो. रिसेप्शनला आम्ही दोघं खुर्च्या टाकून बाजूला बसलो होतो. तो थकला होता आणि मी कॅटररच्या माणसांवर लक्ष ठेवून होते. डीजेनं ते गाणं लावलं. लॉनवरची सगळी पोरंपोरी मध्ये धावली. हौ! बालाघाटच्या मुलांना आता मराठी फारसं येत नाही, पण तो एक शब्द त्यांनी सोडलेला नाही. आणि नागपूर-पुण्याकडचे पाहुणेही त्यांच्यासोबत ओरडत होते.

इथे खिडकी नव्हती. दादा ऐकत होता.

"तो हौ नव्हता, छोटे," तो म्हणाला.

मला वाटलं तो गाण्याचं बोलतो आहे. "कोणता?"

"बाबाचा. त्या दिवशीचा." तो डीजेकडेच पाहत होता. "हो होता."

मी त्याच्याकडे वळले.

"हो म्हनले ते. ओठ गोल करून. तुले वाटलं कळ आली. ते ओठ जुळवून राह्यलते, छोटे. किती वेळ लागला त्यायले. लाळ गळून राह्यली तरी सोडलं नाही. 'हो.' एकदम शुद्ध."

स्टोव्हची घरघर माझ्या कानात आली. तेवढ्या आवाजात हौ आणि हो वेगळे ऐकू येत नव्हते. कान तोंडाशी नेला होता तो एकट्यानं.

"आन तू हौ सांगितलं आम्हाले."

"आईले सांगितलं असतं तं तिनं मले ढकलत नेऊन गाडीत बसवलं असतं."

"मंग गेला काहून नाहीस, दादा?"

समोर गायकानं पोटातून एक हौ काढला. अख्ख्या लॉननं उत्तर दिलं.

"त्यायनं इतका जीव लावून जाय म्हनलं," दादा म्हणाला. "माह्यासाठी एक शब्द शोधून आनला. असं जाय म्हननाऱ्याले खाटेवर टाकून जाता येते का? तू सांग."

माझ्याकडे प्रत्येक कामाला जागा असते, प्रत्येक गोष्टीला क्रम असतो. हे कुठे ठेवायचं, ते मला कळलं नाही. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं तो थोपटला आणि काढला.

"सम सोडत नाही साला अजून," गाण्याकडे मान करून तो म्हणाला. "जाय, वरपक्षाच्या लोकायचं जेवन झालं का, पाह्य."

मी गेले. जेवणं व्हायची होती. पापड संपले होते.

त्याच वर्षी हिवाळ्यात दादा गेला, झोपेत. आई त्याच्या आधीच गेली होती. तेव्हा बाबा त्या दुपारी 'हो' म्हणाले होते, हे आता फक्त मला माहीत आहे. आणि मी तर तेव्हा ते ऐकलेलंच नाही.

लोक म्हणतात, एवढं जुनं गाणं, अजून कसं टिकलं? मलाही ते विचारावंसं वाटतं, जरा वेगळ्या अर्थानं. माणसं गेली, खाट गेली, छोटी लाईन उखडून तिथे मोठी आली. आणि हा कुठला कोण परका माणूस मिक्सरच्या जाहिरातीतून अजून माझ्या बाबांच्या शेवटच्या शब्दात हाक मारतो आहे, आणि प्रत्येक वेळी मी उत्तर ऐकू येण्याची वाट पाहते.

बुधवारी गोळ्या आणायला पुन्हा गेले. चिठ्ठीत तेवढंच होतं. टीव्ही बंद होता.

"और कुछ, दीदी?" दुकानदारानं विचारलं.

मी नाही म्हटलं, आणि तरी बंद टीव्हीसमोर थोडा वेळ थांबले.